छत्रीमागून चालायचं की शहर स्वतः हुडकायचं?

मागच्या अंकात गाइडविना शहर पाहण्याच्या खेळांबद्दल मी ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं. मी असे खेळ रचते, दुसऱ्यांनी रचलेले खेळते, आणि त्याआधी बरीच वर्षं गाइड म्हणून, मागच्यांना दिसावी अशी छत्री हातात उंच धरून लोकांना फिरवलेलंही आहे. म्हणजे दोन्हीकडचं थोडंफार ठाऊक आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

ताई, मी निवृत्त शिक्षिका. आजवर तीन-चार शहरं गाइडबरोबर पायी फिरून पाहिली. गाइड चांगले होते, माहितीही भरपूर देत होते. पण घरी आल्यावर कुठला राजवाडा कुठल्या शहरातला, सगळी सरमिसळ. वय झालं म्हणायचं का? आणि तुम्ही म्हणता ते खेळ म्हणजे नेमकं काय?

बाई, वयावर ढकलू नका. फळ्यावरून उतरवून घेतलेलं गणित पोरं परीक्षेपर्यंत विसरतात आणि स्वतः झटापट करून सोडवलेलं लक्षात ठेवतात, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलंय. 1978 साली स्लामेका आणि ग्राफ या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलं. काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. काहींना जोडीतला एक शब्द आणि दुसऱ्याचं फक्त पहिलं अक्षर दिलं, उरलेला शब्द त्यांनी जुळवायचा. ज्यांनी स्वतः जुळवला त्यांच्या तो जास्त लक्षात राहिला. एवढीशी खटपटही पुरते.

रस्त्यांचंही तेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा 2017 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. 24 जणांना स्कॅनरमध्ये झोपवून सोहो भागातल्या गल्ल्यांच्या चित्रफितीतून वाट काढायला लावली. आपली वाट आपण शोधताना, नव्या गल्लीत शिरलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा, आठवणी आणि वाटा सांभाळणारा भाग उसळी मारायचा, आणि पुढे जितके फाटे जास्त तितकी ती उसळी मोठी. ‘आता डावीकडे, आता उजवीकडे’ अशा सूचना मिळाल्या की तोच भाग गप्प. त्या सूचना यंत्राच्या होत्या. पण गाइडच्या छत्रीमागून चालताना आपण यापेक्षा वेगळं काय करतो? समोरच्याची पाठ दिसते, छत्री दिसते, आणि कुठे वळलो ते आपल्याला माहीत नसतं.

तर खेळ म्हणजे अशी कुठलीही रचना, जिच्यात पुढचं पाऊल टाकायच्या आधी तुम्हाला काहीतरी करावं लागतं. शोधायचं, मोजायचं, ऐकायचं, काढायचं, ठरवायचं. कोडी सोडवत जायचा ट्रेझर हंट त्यातलाच. जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेली डबी हुडकायचं जिओकॅशिंगही त्यातलंच. कानात हेडफोन घालून एखाद्या कथेतलं पात्र होऊन चालणं हाही एक प्रकार. जपानमध्ये रेल्वे स्टेशनांवर शिक्के ठेवलेले असतात आणि प्रवासी वही घेऊन ते गोळा करतात. 1931 साली फुकुई स्टेशनात हे सुरू झालं. मोबाइल नाही, बॅटरी नाही, आणि अजून चालू आहे.

मला विचाराल तर सगळ्यात आवडता पॅरिसमधला. तिथे फ्रँस्वा अरागो या खगोलशास्त्रज्ञाचा पुतळा होता, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वितळवला गेला. नुसता चौथरा राहिला. 1994 साली डच कलावंत यान डिबेट्स यांनी त्याचं नवं स्मारक केलं, पण पुतळ्याच्या भानगडीत पडले नाहीत. पॅरिसमधून जाणाऱ्या रेखावृत्तावर, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्यांनी 135 कांस्याच्या चकत्या जमिनीत बसवल्या. प्रत्येक चकती 12 सेंटिमीटर व्यासाची. मधे अरागोचं नाव, वर उत्तरेचं अक्षर, खाली दक्षिणेचं. बस. एक सापडली की अक्षरांवरून दिशा कळते, आणि पुढची कुठे असेल ते तुम्ही ठरवायचं. गंमत अशी की रेखावृत्ताला रस्त्यांशी देणंघेणं नाही. ते लूव्र राजवाड्याच्या अंगणातून जातं, लक्झेंबर्ग बागेतून जातं, आणि मधेच एखाद्या इमारतीच्या भिंतीवर आदळून तुम्हाला वळसा घालायला लावतं. काही चकत्या चोरीला गेल्यात, काही खोदकामात हरवल्यात. तिथे जमिनीत फक्त गोल खड्डा दिसतो, आणि तो खड्डा ओळखता आला की जो आनंद होतो तो चकती दिसल्यापेक्षाही मोठा. बाई, ज्या कोपऱ्यावर तुम्ही अशी मान खाली घालून दहा मिनिटं घुटमळाल, तो कोपरा दुसऱ्या कुठल्या शहराशी सरमिसळ होणं शक्य नाही.

आमची दोन मुलं, एक आठ वर्षांचा, एक तेरा वर्षांची. सहलीत गाइड बोलायला लागला की धाकटा जमिनीवर बसतो आणि मोठी मोबाइल काढते. दोघांना एकाच खेळात कसं गुंतवायचं?

धाकट्याला हुडकायचं काम द्या, मोठीला अर्थ लावायचं. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात हे आयतं मिळतं. तिथे रस्तोरस्ती गुडघ्यापेक्षाही बुटक्या धातूच्या बुटक्यांच्या मूर्ती आहेत, शेकड्यांनी. खिडकीच्या कट्ट्यावर, दिव्याच्या खांबावर, दाराच्या कोपऱ्यात. त्यातल्या बहुतेक फूटपाथच्या उंचीवर असतात, म्हणून आठ वर्षांच्या पोराला आधी दिसतात आणि आईबाबांना नंतर. घरात सगळ्यात लहान असूनही आपणच पहिले, हे सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळणार!

मोठीला विचारा, बुटकेच का? 1980 च्या दशकात तिथल्या कम्युनिस्ट सरकारविरोधी घोषणा भिंतींवर रंगवल्या जात आणि पोलिस त्या घोषणा रंग फासून झाकत. ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह नावाच्या गटाने त्या फासलेल्या ठिगळांवर बुटके रंगवायला सुरुवात केली. आता बुटका काढला म्हणून कोणाला अटक कशी करायची? त्या चळवळीची आठवण म्हणून 2001 साली पहिला पुतळा बसला आणि 2005 पासून छोट्या मूर्ती वाढत गेल्या. तेरा वर्षांच्या मुलीला थट्टेनं हुकूमशाहीला कसं जेरीस आणता येतं हे बरोबर कळतं. आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतं.

जिथे बुटके नाहीत तिथे स्वतः काहीतरी ठरवा. दारांच्या कड्या, नळाची झाकणं, गच्चीवरचे वातकुक्कुट, एकच वस्तू निवडा. दहा वस्तूंची यादी केलीत तर भांडणं होतात. आणि मोठीचा मोबाइल काढून घेऊ नका, तिला सापडलेल्या गोष्टींचे फोटो काढायचं खातं द्या.

मित्रांनी सुचवलं म्हणून एका शहरात मोबाइलवरचा कोड्यांचा खेळ विकत घेतला. दोन तास स्क्रीनकडे बघत चाललो, तीनदा खांबाला धडकता धडकता वाचलो आणि शेवटी ‘अभिनंदन’ असं आलं. शहर पाहिलं असं वाटलंच नाही. हा प्रकारच बोगस की आम्हाला वाईट खेळ मिळाला?

वाईट खेळ मिळाला, आणि असे वाईट खेळ भरपूर आहेत. विकत घेण्याआधी पारखायची माझी एक रीत आहे. काही खेळांचं पहिलं कोडं नमुना म्हणून फुकट दाखवतात. ते घरी बसून सोडवून बघायचं. घरी सुटलं तर तो खेळ त्या शहराचा नाही. ‘समोरचा पूल कोणत्या साली बांधला?’ हे कोडं नव्हे, त्याचं उत्तर मोबाइलच देतो आणि तुम्ही पुलाकडे न बघता पुढे जाता. ‘पुलाच्या मध्यावर कोनशिलेत दोन सालं आहेत. दोन्हींच्या मधे काय घडलं असावं, ते कठड्याच्या दगडांचे रंग बघून सांगा,’ हे कोडं. यासाठी मान वर करावी लागते, कठड्यावर हात फिरवावा लागतो, सोबतच्याशी वाद घालावा लागतो.

दुसरं एक बघा. खेळ तुम्हाला घाई करतो का? घड्याळ टिकटिकत असेल, गुण कमी होत असतील, तर तुम्ही शहराला अडथळा समजायला लागता. शर्यत आवडणाऱ्यांनी जरूर खेळावं, पण त्याला शहर पाहणं म्हणू नये.

स्क्रीन म्हणजे सगळं वाईट, असंही मी म्हणणार नाही. 2016 च्या जुलैत पोकेमॉन गो हा रस्त्यांवर फिरून मोबाइलवर खेळायचा खेळ आला तेव्हा घराबाहेर न पडणारी पोरं शहरभर भटकली. त्यातले थांबे त्याच कंपनीच्या इन्ग्रेस या आधीच्या खेळातून घेतले होते, आणि ते खेळणाऱ्यांनीच सुचवलेले होते. एखादं भित्तिचित्र, एखादी विसरलेली स्मृतिपाटी, एखादं कारंजं. कल्पना उत्तम. पण त्या पाटीचा फोटो स्क्रीनवर चकतीसारखा यायचा, तो बोटाने गरकन फिरवला की बक्षीस मिळायचं, आणि खरी पाटी डोळ्यांसमोर असताना ती वाचायची काही गरजच उरायची नाही. उलट पॅरिसमध्ये इन्व्हेडर या टोपणनावाच्या कलावंताने 1998 पासून भिंतींवर लावलेली मोझेकची चित्रं घ्या. त्यांच्यासाठी 2014 मध्ये अ‍ॅप निघालं. त्यात चित्राचा फोटो काढला तरच गुण मिळतात, आणि चित्र कुठे आहे हे अ‍ॅप सांगत नाही. ते बघायला तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, कोपऱ्याकोपऱ्यावर नजर टाकत फिरावंच लागतं. दोन्हीकडे मोबाइलच, पण एक तुम्हाला स्क्रीनमधे ओढतो आणि दुसरा बाहेर ढकलतो.

आणि स्क्रीनचा इतकाच राग आला असेल तर कानाचे खेळ बघा. कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ यांनी 1999 मध्ये लंडनला असा एक फेरफटका रचला. तो व्हाइटचॅपलच्या वाचनालयात सुरू व्हायचा. हेडफोन लावून निघायचं, आणि एक बाई कानात बोलत तुम्हाला गल्ल्यांतून नेत राहते. ध्वनिमुद्रण दोन्ही कानांच्या जागी माइक ठेवून केलेलं, त्यामुळे मागून कोणी आलं असं वाटून तुम्ही वळता आणि मागे कोणी नसतं. मग खरंच कोणी येतं. बाईच्या पावलांचा आवाज तुमच्या पावलांत मिसळतो आणि ती काय सांगते यापेक्षा रस्त्यावर आत्ता काय चाललंय याकडे तुमचं लक्ष दुप्पट जातं. यात कोडं नाही, बक्षीस नाही. खेळ म्हणावं का, यावर माझी एका मैत्रिणीशी अजून वादावादी चालू आहे. माझ्या मते म्हणावं, कारण तुम्ही चालला नाहीत तर ते पूर्णच होत नाही.

मी कॉलेजात शिकतो. सुट्टीत बाहेरगावचे पाच-सहा मित्र येणार आहेत. त्यांच्यासाठी आमच्या भागात असा खेळ स्वतः रचायचा आहे. कुठून सुरुवात करू?

पायांपासून. कागदावर काहीही लिहायच्या आधी तो रस्ता दोनदा चाल, एकदा दिवसा आणि एकदा ज्या वेळेला मित्र चालणार त्या वेळेला. इंटरनेटवरून जागा निवडशील तर तिथे भिंत पाडून मचाण बांधलेलं असेल.

चालताना डोळ्यांच्या रेषेत बघू नकोस, ते सगळ्यांनाच दिसतं. गुडघ्याच्या उंचीवर बघ आणि दुकानांच्या पाट्यांच्या वर बघ. तळमजला दर दहा वर्षांनी बदलतो, वरचे मजले तसेच राहतात. तिथे जुनी सालं, मालकाच्या नावाची आद्याक्षरं, बुजवलेल्या खिडक्या, कधीकाळी रंगवलेल्या जाहिरातींचे पुसट अवशेष सापडतात. खालच्या बाजूला उंबऱ्यांची झीज, पुराच्या पाण्याच्या खुणा, मोजणीच्या खुणा. ब्रिटनमध्ये गेलास तर जुन्या इमारतींच्या पायथ्याशी दगडात कोरलेली एक आडवी रेघ आणि तिच्याकडे खालून टोक केलेला बाण दिसेल. ती सर्व्हे खात्याने समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायला केलेली खूण आहे. अशा लाखो खुणा केल्या गेल्या. लोक त्यांना टेकून उभे राहतात पण त्या पाहत नाहीत. तुझ्या भागातही असं काहीतरी असणारच.

मग कोडी. प्रत्येक कोड्याचं उत्तर हलणारं नसावं. दुकानाची पाटी, लावलेल्या गाड्या, भिंतीचा रंग, कुंड्यांची संख्या यांच्यावर कोडं बांधलंस की ते फसलंच. दगड, लोखंड, झाड, पायऱ्या यांच्यावर बांध. पायऱ्या मोजायला लावणार असशील तर पहिली पायरी कुठून धरायची ते स्पष्ट सांग, नाहीतर रस्त्याला लागून असलेली ती अर्धी पायरी मोजायची की नाही यावरून मित्रांची मैत्री तुटेल. उत्तर चुकलं तर गट भलत्या गल्लीत जाऊन हरवू नये म्हणून दर ठिकाणी खात्रीची एक खूण दे, ‘बरोबर आलात तर समोर लोखंडी जिना दिसेल’ अशी. प्रत्येक कोड्याला दोन इशारे तयार ठेव, एक चिमटा काढणारा, एक सरळ सांगून टाकणारा. इशारा मागणाऱ्याची थट्टा करू नकोस.

शाब्दिक कोडी कमी ठेव. सांकेतिक लिपी, उलटे लिहिलेले शब्द, अक्षरांचे आकडे, हे रचणाऱ्याला फार आवडतं. मलाही आवडतं. पण कागदात डोकं खुपसलेला माणूस भिंत कशाला बघेल? त्यापेक्षा त्यांना काहीतरी करायला लाव. माझा हमखास चालणारा प्रकार केव्हिन लिंच या नगररचनाकाराकडून उचललेला आहे. त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना आपल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितलं होतं. 1960 मध्ये त्यांनी मांडलं की माणसाच्या डोक्यातलं शहर मुख्यतः पाच गोष्टींचं बनतं. वाटा, कडा, भाग, चौक-नाके आणि ठळक खुणा. तू मित्रांना निम्मा रस्ता झाल्यावर बसव आणि आतापर्यंत चाललो त्याचा नकाशा प्रत्येकाला वेगवेगळा काढायला सांग, मोबाइल खिशात. मग नकाशे शेजारी शेजारी ठेव. एकाने नदी काढलीच नसेल, दुसऱ्याच्या नकाशात नुसती कुत्री असतील, तिसऱ्याने एकाच रस्त्याला दोनदा काढलं असेल. पुढचा अर्धा तास हशा आणि भांडण, आणि त्यानंतर उरलेला रस्ता सगळे डोळे फाडून बघत जातील.

अंतर कमी ठेव, दीड-दोन किलोमीटर पुष्कळ झाले. कोडी सात-आठ. वाहता मोठा रस्ता ओलांडायला लागेल असं कोडं नको, कारण उत्तर सापडलेला माणूस दोन्हीकडे न बघता धावतो. कोणाच्या फाटकाच्या आत जायला लावू नकोस, आणि जिथे काही ठेवायचं असेल तिथे आधी विचार. बेवारस डबा दिसला की आजकाल लोक पोलिसांना बोलावतात, आणि बरोबरच करतात. शेवट अशा जागी कर जिथे बसता येईल आणि जवळ स्वच्छतागृह असेल. आणि मित्र यायच्या आधी ज्याला काहीच माहीत नाही अशा एकाकडून खेळ खेळवून घे. तू मागून चाल, तोंड बंद. तो जिथे थांबून ‘म्हणजे?’ म्हणेल ते कोडं बदल, समजावून सांगू नकोस.

मी चाकाची खुर्ची वापरते. पायी फिरण्याच्या टूरमध्ये सगळे माझ्यासाठी थांबतात, मला ते नको होतं. हे खेळ जमतील का?

वेगाचा प्रश्न सुटतो, कारण तुमचा वेग तुमचाच असतो. पायऱ्यांचा प्रश्न मात्र खेळ रचणाऱ्याने आधी विचार केला असेल तरच सुटतो, आणि बरेच जण करत नाहीत. घेण्याआधी सरळ विचारा की वाटेत पायऱ्या किती, गोट्यांची फरसबंदी कुठे, चढ किती. ‘बहुतेक ठीक आहे’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. ज्याने रस्ता खरंच तपासलाय तो ‘तिसऱ्या ठिकाणी एक पायरी आहे, बाजूने उतार आहे’ असं सांगतो.

व्हीलमॅप हा नकाशा बघा. 2010 मध्ये बर्लिनच्या एका संस्थेने सुरू केला, आता जगभर चालतो. खुर्चीने जाता येणारी जागा हिरवी, अर्धवट जमणारी पिवळी, न जमणारी लाल. या खुणा लोकच भरतात, ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर. मला तर हाच एक सुरेख खेळ वाटतो. अनोळखी शहरात एक मोहल्ला निवडायचा आणि ज्या जागांना रंगच नाही त्यांना रंग देत फिरायचं. दारांपाशी थांबता, उंबरे निरखता, आतल्या माणसांशी बोलता, आणि पुढच्या कोणाची सोय होते.

व्रोत्सवाफच्या बुटक्यांमध्ये एक चाकाच्या खुर्चीतला आहे, एक दृष्टिहीन आणि एक कर्णबधिर. गेलात तर शोधा.

मी परवानाधारक गाइड आहे. तुमचा मागचा लेख वाचून वाईट वाटलं. आमचं पोट असल्या अ‍ॅपनी मारायचं का?

तुमचा राग समजतो, मीही तुमच्यातलीच. पण या खेळांचा एक मूळपुरुष तुमच्याच धंद्यातला आहे हे ऐका. 1854 साली इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर जेम्स पेरट नावाचा वाटाड्या होता. क्रॅनमेअर पूल (इंग्रजीतला ‘पूल’, म्हणजे डबकं) ही तिथली अगदी आडबाजूची दलदलीची जागा. तिथे त्याने दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. पोहोचणाऱ्याने आपल्या नावाचं कार्ड त्यात टाकून जायचं. त्यातून लेटरबॉक्सिंग हा छंद निघाला, लपवलेल्या डब्या हुडकायच्या आणि आतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा. अमेरिकी सरकारने 2 मे 2000 रोजी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाचं यंत्र एकाएकी कितीतरी अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, तेच जिओकॅशिंग. वाटाड्याला ही कल्पना 146 वर्षं आधी सुचली होती, आणि तिने पेरटचं पोट मारलं नाही. बाटलीपर्यंत जायचं तर वाट माहीत असलेला माणूस हवाच होता.

जे दिसत नाही ते सांगायला माणूस लागतो. पाडलेला वाडा, दंगलीत जळलेली गल्ली, तिथे राहिलेल्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत. कोडं फक्त उरलेल्या गोष्टींवर बांधता येतं. आणि कोड्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. तेव्हा माझा सल्ला व्यवहाराचा आहे. पहिला तास लोकांना तुमच्या कोड्यांवर सोडा, तुम्ही शेवटच्या ठिकाणी बसून राहा. ते येतील तेव्हा त्यांच्याकडे विचारायला काहीतरी असेल. ‘ती खिडकी बुजवली का होती?’ असं विचारणाऱ्या माणसाला सांगणं आणि छत्रीमागून आलेल्या वीस पेंगुळलेल्या माणसांना सांगणं यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार?

मी एकटी फिरते. हातात मोबाइल धरून चौकात गोंधळल्यासारखं उभं राहायला नको वाटतं. काही सुचवाल?

कानाचा खेळ घ्या, पण एक कान मोकळा ठेवा. कोडी असतील तर सगळी आदल्या रात्री वाचून कागदावर उतरवा आणि कागद वहीत ठेवा. वही घेऊन उभी असलेली बाई कामावर असल्यासारखी दिसते.

विकतचं काही नको असेल तर दिशा ठरवायला एखादा नियम करा. 1950 च्या दशकात गी दबोर हे फ्रेंच लेखक आणि त्यांच्या पॅरिसच्या मित्रमंडळींना असल्या भटकंतीचा नाद होता. दबोर यांनी एका मित्राबद्दल लिहिलंय की तो जर्मनीतल्या हार्ट्स भागात लंडनचा नकाशा हातात धरून फिरला. तुम्ही इतक्या थराला जाऊ नका. ‘प्रत्येक नाक्यावर जिकडे सावली तिकडे’ एवढा नियम पुरे. फक्त दिवसाउजेडी, आणि परतीचा रस्ता माहीत असेल एवढ्याच परिघात. नियम मोडावासा वाटला तर लगेच मोडा. गल्ली बरी वाटत नसेल तर खेळ गेला खड्ड्यात.

एका स्मारकाच्या आवारात आमचा मुलगा मोबाइलवरचा खेळ खेळत होता. एक वृद्ध गृहस्थ रागावले. चूक कोणाची?

मुलाची नाही, पण तिथे खेळू देऊ नका. 2016 मध्ये नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची आठवण जपणाऱ्या वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला आणि आउशवित्स या नाझी छळछावणीच्या स्मारकालाही पोकेमॉन गो इथे खेळू नका असं सांगावं लागलं होतं.

तरी शोधणं आणि खेळणं यात फरक आहे. गुंटर डेमनिग यांनी नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरांसमोर फूटपाथमध्ये बसवलेले पितळी चौकोन मुलाला दाखवा. दहा सेंटिमीटरचा दगड, वर नाव, जन्मसाल, पुढे काय झालं ते. 2023 मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. वाचायला वाकावंच लागतं. तिथे गुण मोजू नका, किती सापडले हेही विचारू नका. एका नावापाशी थांबलात तरी चालेल.

ऑफिसातल्या चाळीस जणांसाठी असा खेळ ठरवायचा आहे. एक सूचना द्या.

चारचारांचे दहा गट करा आणि दर दहा मिनिटांनी एकेक सोडा, नाहीतर पहिल्या कोड्यापाशी चाळीस जण जमतील आणि उत्तर एकच जण शोधेल. एका गटात एकाच विभागाचे दोघे नकोत. नकाशा गटातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या हातात द्या, साहेबांच्या नव्हे. पाऊस आला तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.